क्लोरोफॉर्म आणि उत्पत्तीचा तिसरा अध्याय
सर जेम्स यंग सिम्पसन (१८११–१८७०) यांचे चरित्र

दाढ काढायची असो वा पोटाची मोठी शस्त्रक्रिया करावयाची असो, भूल मिळणार हे गृहीत धरूनच आज आपण दवाखान्याची पायरी चढतो. दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. रुग्णाला मेजाला बांधीत, चारपाच बळकट माणसे त्याचे हातपाय धरून ठेवीत, आणि शल्यवैद्याची कीर्ती त्याच्या हाताच्या चपळाईवरून ठरे. अफू किंवा दारू थोडी दिली जाई. तिचा उपयोगही थोडाच होई. पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेपेक्षा मरण बरे असे म्हणून घरी परतत. ही स्थिती पालटणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते त्या स्कॉटलंडच्या एका ख्रिस्ती वैद्याचा हा जीवनवृत्तांत आहे.

जेम्स सिम्पसन याचा जन्म ७ जून १८११ रोजी एडिंबरोच्या पश्चिमेस असलेल्या बाथगेट या लहानशा गावी झाला. वडील डेव्हिड सिम्पसन पाव भाजण्याचा धंदा करीत. घरात मुले आठ, त्यांत हा सर्वांत धाकटा. त्याच्या जन्माच्या सुमारास दुकानाची स्थिती इतकी हलाखीची झाली होती की धंदा बंद करावा की काय असा प्रश्न पडला होता. आई मेरी हिने बाळंतपणातून उठताच हिशेबाच्या वह्या आपल्या हाती घेतल्या आणि दुकान सावरले. जेम्स नऊ वर्षांचा असताना ही कर्तबगार माउली निवर्तली. पुढे थोरली बहीण मेरी हिने आईची जागा घेतली आणि थोरला भाऊ अलेक्झांडर, ज्याला घरात सँडी म्हणत, त्याने धाकट्याच्या शिक्षणाचा भार उचलला. सर्व भावंडांनी मिळून एकाला शिकवावयाचे असे त्या घराने ठरविले होते. आपल्याकडील कित्येक मिशन कंपाउंडांतल्या कुटुंबांनी हेच केलेले आपण पाहिले आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

चौदाव्या वर्षी जेम्स एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला आणि दोन वर्षांनी वैद्यकाकडे वळला. त्याच काळात एके दिवशी त्याने लिस्टन या नामांकित शल्यवैद्याला डोंगराळ मुलखातील एका गरीब स्त्रीचा स्तन कापून काढताना पाहिले. बाई शुद्धीवर होती. तिचे हाल पाहून हा विद्यार्थी तेथून निघाला तो थेट न्यायालयाच्या इमारतीकडे गेला, आणि वकिलाच्या हाताखाली कारकुनी मिळते का याची चौकशी करू लागला. वैद्यकाचा धंदा सोडून देण्याच्या बेताने तो गेला होता. परंतु विचारान्ती परत आला, तो वेदना कमी करण्याचा काही मार्ग निघेल का हा प्रश्न मनाशी घेऊनच.

अठराव्या वर्षी, १८३० साली, त्याने शल्यवैद्यकाची परवाना-परीक्षा उत्तीर्ण केली. त्याच वर्षी वडील वारले. १८३२ मध्ये एम.डी. ही पदवी मिळाली. पुढील काही वर्षे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन थॉमसन यांच्या हाताखाली काम करण्यात गेली. १८४० साली विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे अध्यासन रिकामे झाले तेव्हा सिम्पसन यांनी अर्ज केला. वय अवघे अठ्ठावीस, घराणे पाववाल्याचे, आणि आक्षेप असा की अविवाहित पुरुषाने हा विषय शिकवू नये. शेवटचा आक्षेप त्यांनी लगोलग दूर केला. डिसेंबर १८३९ मध्ये लिव्हरपूलच्या जेसी ग्रिंडले हिच्याशी त्यांचा विवाह झाला. नगरपरिषदेच्या मतदानात ते केवळ एका मताने निवडून आले.

वर्गात जागा मिळेनाशी व्हावी इतके विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना जमू लागले. एडिंबरोतील क्वीन स्ट्रीटवरील ५२ क्रमांकाच्या त्यांच्या घरी दिवसभर रुग्णांची रीघ असे. सरदारीण आणि मजुरीण एकाच दिवाणखान्यात बसून वाट पाहत. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले तेव्हा सिम्पसन दांपत्य त्या नव्या मंडळीत गेले. १८४७ च्या प्रारंभी स्कॉटलंडमधील राणीचे वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली.

मध्यंतरी अमेरिकेत मोठी घटना घडून गेली होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका रुग्णाला गुंगी आणली आणि त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया शल्यवैद्यांनी शांतपणे पार पाडली. ही वार्ता समुद्रापार येताच २१ डिसेंबरला लंडनमध्ये लिस्टन यांनी ईथरखाली एका रुग्णाचा पाय कापला. ज्या हाताखालची किंकाळी सिम्पसन यांच्या कानी बसली होती त्याच हाताखाली आता रुग्ण निपचित पडून होता. १९ जानेवारी १८४७ रोजी सिम्पसन यांनी कटिराची हाडे विकृत असलेल्या एका स्त्रीला बाळंतपणात ईथर दिले. बाईची शुद्ध हरपली, वेदना थांबल्या, परंतु गर्भाशयाचे आकुंचन चालूच राहिले. ही बाब त्यांनी ताबडतोब हेरली. बाळंतपणातील वेदना आणि बाळंतपणातील काम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यांना दिसले, आणि पुढील साऱ्या वादाचे बीज ह्या निरीक्षणातच आहे.

ईथरला तीव्र वास होता, त्याने खोकला येई, ते पुष्कळ लागे आणि दिव्याच्या ज्योतीजवळ पेट घेई. सिम्पसन दुसरे औषध शोधू लागले. त्यांची रीत धोक्याची होती. रात्रीच्या जेवणानंतर ते आणि त्यांचे दोन साहाय्यक, जॉर्ज कीथ आणि मॅथ्यूज डंकन, निरनिराळे द्रव पेल्यांत ओतून स्वतःच हुंगून पाहत. ऑक्टोबर महिन्यात लिव्हरपूलचे रसायनतज्ज्ञ डेव्हिड वॉल्डी यांनी त्यांना क्लोरोफॉर्म नावाचा द्रव सुचविला. हा द्रव १८३१ च्या सुमारास अमेरिका, फ्रान्स व जर्मनी येथील तिघा संशोधकांनी स्वतंत्रपणे तयार केला होता, परंतु भूल देण्यासाठी त्याचा कोणी विशेष विचार केला नव्हता. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री तिघांनी तो हुंगला. प्रथम तिघेही अतिशय उल्हसित झाले, बडबडू लागले, आणि मग एकदम सारे शांत. सिम्पसन शुद्धीवर आले तेव्हा ते जमिनीवर होते, डंकन खुर्चीखाली घोरत होते आणि कीथ मेजाला लाथा मारीत होते. घरातील पाहुण्या मुलीने, मिस पेट्री हिनेही मग तो हुंगला आणि आपण देवदूत झालो आहोत असे ओरडत ती झोपी गेली. हा प्रसंग हसू आणणारा आहे खरा. पण पेल्यात थोडे अधिक क्लोरोफॉर्म असते तर त्या घरातून दुसऱ्या दिवशी तीन प्रेतयात्रा निघाल्या असत्या, हेही लक्षात घेतले पाहिजे.

चार दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, एका वैद्याच्या पत्नीचे बाळंतपण क्लोरोफॉर्मखाली झाले. तिच्या मुलीचे नाव ॲनस्थेशिया ठेवले अशी कथा पुष्कळ पुस्तकांत छापलेली आढळते. ती खरी नाही. मुलीचे नाव विल्हेल्मिना होते. दहा तारखेला सिम्पसन यांनी एडिंबरोच्या वैद्यसभेपुढे निबंध वाचला आणि त्याच आठवड्यात पुस्तिका छापून बाहेर पडली. इस्पितळातील पहिल्या शस्त्रक्रियांपैकी एक चारपाच वर्षांच्या मुलावर झाली. त्याला केवळ गेलिक भाषा येत होती, त्यामुळे त्याला काही समजावून सांगणे कोणालाच शक्य नव्हते. तो घाबरून रडत होता. रुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून तो नाकाशी धरताच घोरू लागला आणि त्याच्या हातातील कुजलेले हाड काढून टाकण्यात आले.

वॉल्डी यांचे काय झाले? सिम्पसन यांच्या पुस्तिकेत त्यांचा उल्लेख तळटीपेपुरताच आला. पुढे १८५३ साली ते आपल्या देशात आले, कलकत्त्यास स्थायिक झाले, तेथे त्यांनी रसायनांचा कारखाना काढला आणि १८८९ मध्ये तेथेच देह ठेवला. क्लोरोफॉर्म त्यांच्याही आधी, १८४८ सालीच कलकत्त्यास पोहोचले होते.

आता उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाकडे वळू. एदेन बागेतील आज्ञाभंगानंतर स्त्रीला जे सांगितले गेले ते सोळाव्या वचनात आहे. बाळंतपणातील वेदना देवाने नेमलेली आहे, मग माणसाने ती हरण करणे हा देवाच्या वचनाला विरोध नव्हे काय, असा आक्षेप सिम्पसन यांच्या कानी आला. डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी ह्या आक्षेपाचे उत्तर देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला त्यांच्या साऱ्या लिखाणात ही पुस्तिका अधिक जवळची वाटते, कारण येथे एक प्रसूतितज्ज्ञ इब्री शब्दकोश उघडून बसला आहे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. सोळाव्या वचनातील मूळ इब्री शब्द एत्सेव आणि इत्साबोन हे आहेत. यांतील इत्साबोन हाच शब्द सतराव्या वचनात आदामाच्या वाट्याला आलेल्या शेतीच्या श्रमांसाठी आला आहे. नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायातही एत्सेव हा शब्द मेहनत ह्याच अर्थी आहे, कारण तेथे त्यापासून लाभ होतो असे सांगितले आहे. उलट, प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या कळांचे वर्णन संदेष्ट्यांना करावयाचे असते तेव्हा ते दुसरे शब्द योजतात. यशयाच्या तेराव्या अध्यायात हे पाहावयास मिळते. तेव्हा उत्पत्तीत सांगितले आहे ते कष्टांबद्दल, कळांबद्दल नव्हे. आणि क्लोरोफॉर्मने ते कष्ट थांबत नाहीत. गर्भाशय आपले काम करीतच राहते. शिवाय सोळावे वचन आज्ञा मानावयाचे तर सतरावे आणि अठरावेही मानावे लागेल, आणि मग शेतकऱ्याने कुसळे व काटे उपटू नयेत, नांगराला बैल जुंपू नयेत असेही म्हणावे लागेल. तसे तर कोणीच म्हणत नाही. शेवटी त्यांनी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखविले. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली. तेथील इब्री शब्द तार्देमा हा साध्या झोपेहून निराळा, खोल झोपेचा वाचक आहे.

ह्या युक्तिवादाचा पहिला भाग कितपत टिकतो? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर अर्धाच. एत्सेव ह्या शब्दाच्या धातूत कष्ट आहेत तसे दुःखही आहे. सहाव्या अध्यायात मानवाची दुष्टाई पाहून देवाला जे दुःख झाले ते सांगणारे क्रियापद ह्याच धातूपासून आले आहे. पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायातील याबेसाचे तर नावच असे पडले की त्याच्या आईला त्याच्या जन्माच्या वेळी जे सोसावे लागले ते ह्याच धातूच्या शब्दाने सांगितले आहे. तेथे केवळ स्नायूंचे श्रम असा अर्थ घेता येत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी उत्पत्तीत दुःख ह्या अर्थाचा शब्द घातला आणि लॅटिनमध्येही तेच झाले. सिम्पसन यांना कष्ट आणि वेदना यांच्यामध्ये जी सुरी फिरवावयाची होती तिला इब्री भाषा वाट देत नाही. मराठीत क्लेश हा शब्द दोन्ही सावरून घेतो, आणि म्हणूनच तो येथे उपयोगी पडतो. दुसरा युक्तिवाद मात्र, काटेकुसळे उपटण्याचा, शब्दांवर मुळीच अवलंबून नाही, आणि तो कोणी खोडून काढल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. जे पतनाचा परिणाम म्हणून सांगितले आहे ते पाळावयाचे विधान नव्हे. तार्देमाविषयी इतकेच म्हणता येईल की त्या वचनाचा हेतू वैद्यकीय शिक्षण देण्याचा नाही. पण वेदना न देता काम करणे देवाला कमीपणाचे वाटले नाही, एवढे त्यातून निश्चित निघते.

एक गैरसमज मात्र येथे दूर केला पाहिजे. मंडळ्यांनी क्लोरोफॉर्मविरुद्ध रान उठविले, धर्मगुरूंनी व्यासपीठांवरून त्याचा धिक्कार केला, असे चित्र अनेक लेखकांनी रंगविले आहे. इतिहासकारांनी त्या काळची कागदपत्रे तपासली तेव्हा छापील धार्मिक विरोध फारच थोडा आढळला. सिम्पसन यांनी हल्ला होण्यापूर्वीच तटबंदी बांधली होती असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. लंडनमधील प्रोथेरो स्मिथ या वैद्यानेही शास्त्राच्या आधारे त्यांचीच बाजू मांडली. खरा आणि दीर्घकाळ टिकलेला विरोध वैद्यांचा होता. फिलाडेल्फियाचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांचे मत असे की प्रसववेदना ही नैसर्गिक असून ती वैद्याला वाट दाखविते, तिला बुजविणे धोक्याचे आहे. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी रुमालावरून क्लोरोफॉर्म दिले, आणि चार वर्षांनी राजकन्या बीट्रिसच्या वेळी पुन्हा दिले. त्यानंतर प्रतिष्ठित घरांतील कुजबुज पुष्कळशी थांबली.

वैद्यांचा विरोध सर्वस्वी निराधार होता काय? येथे आपल्या चरित्रनायकाची उणी बाजू सांगितलीच पाहिजे. २८ जानेवारी १८४८ रोजी, म्हणजे त्या प्रसिद्ध रात्रीला तीन महिनेही झाले नव्हते तोच, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म घेत असता दोनतीन मिनिटांत मरण पावली. सिम्पसन यांनी दोष क्लोरोफॉर्मला दिला नाही. बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी व ब्रँडी ओतल्याने ती गुदमरली असे त्यांनी प्रतिपादले. स्नो यांचा निष्कर्ष वेगळा होता. हवेत क्लोरोफॉर्मचे प्रमाण फार झाल्याने हृदय बंद पडते असे ते म्हणत, आणि म्हणून रुमालाऐवजी प्रमाण मोजून देणारे उपकरण वापरावे असा त्यांचा आग्रह होता. अशा पन्नास मृत्यूंची त्यांनी एकेक करून छाननी केली. सिम्पसन मात्र रुमालावरच राहिले. त्यांच्या हाताखाली रुग्ण सुखरूप राहत होते, आणि जे आपल्या हातून घडत नाही ते घडतच नाही असे मानणे कुशल माणसाला सोपे जाते.

हा वाद पुढे आपल्या देशात येऊन पोहोचला. हैदराबादमधील रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी हे एडिंबरोत शिकलेले होते. श्वासावर लक्ष ठेवले की हृदयाची चिंता नको अशी तेथील शिकवण त्यांनी बरोबर आणली होती. निजामाच्या द्रव्यसाह्याने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबाद येथे दोन चौकशी-आयोग बसले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्यासारखाच निघाला. लॉरी यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक होत, आणि हा त्या प्रकरणातील अधिक आनंदाचा भाग होय. निष्कर्ष मात्र चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना, रुग्ण घाबरलेला असताना, शरीरात ॲड्रेनलिन उसळते आणि क्लोरोफॉर्मने हळवे झालेले हृदय ताल सोडून नुसते थरथरू लागते. बिचाऱ्या हॅनाच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. ती क्लोरोफॉर्म देण्यापूर्वी फार घाबरली होती, रडतही होती. क्लोरोफॉर्मचा दुसरा विषारी परिणाम यकृतावर होतो आणि तो एकदोन दिवसांनी दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अधिक निर्धोक औषधे आल्यावर क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाले.

हे औषध मुळात काम कसे करते, हे सिम्पसन यांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्यानंतर शंभर वर्षे कोणाला नीट ठाऊक झाले नाही. आज आपल्याला असे दिसते की मेंदूतील पेशींच्या आवरणांत सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड ह्यांचे विद्युत्भारित कण आतबाहेर करतात आणि त्यातूनच एका पेशीचा निरोप दुसरीला पोहोचतो. पूर्ण भुलीची बहुतेक औषधे पेशींना शांत करणारी दारे अधिक वेळ उघडी ठेवतात आणि चेतविणारी बंद करतात. परिणामी मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील बोलणे थांबते. जाणीव, स्मरण, हालचाल हळूहळू मावळतात. मात्रा वाढत गेली तर श्वास चालविणारे केंद्रही मावळते. म्हणून भुलीची मात्रा आणि मृत्यूची मात्रा यांतील अंतर राखणे हेच भूलतज्ज्ञाचे कौशल्य होय.

वाचकांपैकी ज्यांना लवकरच शस्त्रक्रियेला सामोरे जावयाचे असेल त्यांनी येथे थोडे थांबावे. पूर्ण भुलीपूर्वी उपाशी राहण्यास सांगतात ते उगीच नव्हे. गुंगीत घशाची राखण सुटते आणि पोटातील अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते. भूल उतरल्यावर मळमळ, उलटी, थंडी वाजणे, श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे घसा दुखणे हे पुष्कळांना होते आणि जाते. वृद्ध माणसे काही दिवस गोंधळल्यासारखी वागतात. त्यांच्याशी शांतपणे बोलत राहावे. क्वचित एखाद्या घराण्यात असा दोष असतो की विशिष्ट भुलीने अंगाचा ताप एकाएकी भडकतो आणि स्नायू ताठरतात. म्हणून घरात कोणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. तंबाखू, दारू, चालू असलेली औषधे, ह्यांविषयी लाजेने खोटे सांगणाऱ्या मंडळींत आपले काही सन्मान्य वडीलही असतात, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

केवळ जागा बधिर करण्याची कल्पनाही सिम्पसन यांच्या मनात आली होती. १८४८ साली त्यांनी गांडुळे, बेडूक अशा प्राण्यांवर आणि स्वतःच्या हातावर क्लोरोफॉर्मच्या वाफेचे प्रयोग करून त्यांवर निबंध लिहिला. कातडी किंचित बधिर होई, पण कापण्याइतकी नाही. ते स्वप्न १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून खरे केले. कोकेनचे व्यसन लागते हे कळल्यावर त्याच्या जागी दुसरी औषधे आली आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन आज दंतवैद्यांच्या हाती सर्वत्र आहे. ही औषधे मज्जातंतूमधील सोडियमची दारे अडवितात. वेदनेचा निरोप वाटेतच अडतो आणि माणूस शुद्धीवर असतो. मात्र ते चुकून रक्तवाहिनीत गेले वा फार दिले गेले तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानांत आवाज होतो, आकडी येते आणि हृदयावरही परिणाम होतो. कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात तेव्हा रक्तदाब उतरू शकतो आणि काहींचे डोके मागाहून काही दिवस दुखते. सिझेरियन शस्त्रक्रियेत आज आई बहुधा अशा रीतीने जागी असते आणि बाळाचे पहिले रडणे ऐकते.

सिम्पसन यांच्या उत्तरायुष्यातील उद्योगांची यादी मोठी आहे. प्रसूतीचे चिमटे त्यांच्या नावाने ओळखले जातात, आणि प्राचीन शिलालेखांचाही त्यांना नाद होता. १८६९ साली त्यांनी हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. मोठ्या इस्पितळांत २०८९ रुग्णांपैकी ८५५ दगावले होते, तर खेड्यापाड्यांत घरी शस्त्रक्रिया झालेल्या २०९८ पैकी २२६. वेदना गेली होती, पण मरण इस्पितळात ठाण मांडून होते. त्याचा उपाय जोसेफ लिस्टर यांच्या कार्बोलिक आम्लात सापडला होता, आणि त्याच लिस्टर यांच्याशी सिम्पसन यांनी कडवटपणे वाद घातला. वादात ते मृदू नव्हते. भुलीच्या शोधाच्या श्रेयावरून बोस्टनच्या वैद्यांशी चाललेला पत्रव्यवहार त्यांनी मृत्युशय्येवरूनही चालू ठेवला.

त्यांच्या घरात दुःख वारंवार आले. पहिली मुलगी मॅगी १८४४ साली बालवयातच गेली. १८६१ च्या नाताळाच्या सुमारास सिम्पसन यांच्या आत्मिक जीवनात मोठे परिवर्तन झाले. मंडळीचे सभासद ते आधीपासून होतेच. आता त्यांनी तारणाचा आनंद उघडपणे सांगण्यास आरंभ केला आणि कामगारांच्या, विद्यार्थ्यांच्या सभांतून ते साक्ष देऊ लागले. आपला सर्वांत मोठा शोध कोणता असे विचारले असता त्यांनी क्लोरोफॉर्मचे नाव न घेता आपल्याला तारणारा सापडल्याचे सांगितले, ही आख्यायिका आपल्या उपदेशांतून पुष्कळदा ऐकू येते. प्रसंगाचा तपशील कसाही असो, त्या काळातील त्यांचे वर्तन तिला साजेसे होते. दोनच महिन्यांनी पंधरा वर्षांचा मुलगा जेम्स गेला. १८६६ च्या प्रारंभी त्यांना सरदारकी मिळाली. वेदनेवर विजय अशा अर्थाचे ब्रीद त्यांनी आपल्या चिन्हावर घेतले. आनंदाची पत्रे येत असतानाच थोरला मुलगा डेव्हिड, जो वडिलांप्रमाणेच वैद्य झाला होता, तो मरण पावला आणि थोड्याच दिवसांनी मुलगी जेसी. मुलांच्या वेदनेवर चालेल असे औषध त्यांच्यापाशी होते. आईबापांच्या ह्या वेदनेवर ते चालले नाही. ह्या दुःखातही त्यांनी प्रार्थनासभा सोडल्या नाहीत, आणि रुग्ण तर कधीच नाही.

१८७० च्या प्रारंभी थंडीत केलेल्या प्रवासानंतर हृदयविकाराने ते अंथरुणाला खिळले. वडील बंधू सँडी उशाशी बसून त्यांचे मस्तक आपल्या हातांत धरून असत. ६ मे रोजी त्यांचे प्राण गेले तेव्हाही ते तसेच होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनासाठी जागा देऊ करण्यात आली. कुटुंबाने ती आदरपूर्वक नाकारली. एडिंबरोतील दुकाने बंद ठेवण्यात आली, हजारो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले, आणि त्यांची शवपेटी वॉरिस्टन येथील दफनभूमीत, त्यांच्या आधी गेलेल्या मुलांशेजारी उतरविण्यात आली.